बेचाळीस टेप आणि वीस सेंटिमीटर

९ जून
वॉर्ड चार, खिडकीजवळची खाट

ताई,

नमस्कार. बसूनच करतोय, कारण वाकलो तर उठवायला दोन माणसं लागतात.

तू परत गेलीस त्याला दहा दिवस झाले. मी फोन का करत नाही अशी तू नर्सकडे तक्रार केलीस म्हणे. माझं बोलणं अजून तोंडात लिमलेटची गोळी धरल्यासारखं येतं आणि तू शिलाई मशीन चालू ठेवून फोन घेतेस. दोन्ही मिळून काहीच कळायचं नाही. झटक्याने डावी बाजू नेली, उजवा हात शाबूत आहे, म्हणून पत्र. डावा हात कागदावर वजन म्हणून ठेवलाय. सध्या त्याला तेवढंच काम जमतं, आणि ते तो मन लावून करतो.

मंगळवारपासून मला ट्रेडमिलवर घेतात. मला वाटलं होतं, ज्याला उभं राहता येत नाही त्याला आधी उभं राहायला शिकवतील. फिजिओबाईंचं म्हणणं, वाट बघत बसायचं नाही, पाय चालणं विसरायच्या आत त्याला आठवण करून द्यायची. मशीनच्या वर एक लोखंडी कमान आहे. तिच्यावरून एक खोगीर लोंबतं. इथे त्याला हार्नेस म्हणतात. ते छातीला, कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळून माणसाला इतकं वर ओढतात, की वजनाचा तिसरा हिस्सा खोगिरावर जातो आणि उरलेला पायांवर राहतो. मग पायाखालचा पट्टा सरकू लागतो. उजवा पाय आपणहून निघतो. डावा पाय फिजिओबाई बुटक्या स्टुलावर बसून, घोट्याला धरून, उचलून पुढे ठेवतात. दर पावलाला. मागून एक आडदांड ब्रदर माझी कंबर धरून उभा असतो. समोर आरसा आहे. त्यात एक टांगलेला माणूस दिसतो, मी त्याला ओळख दाखवत नाही.

पहिल्या दिवशी मशीनने बावीस मीटर दाखवले. मी चढलो तिथेच उतरलो होतो. तेहतीस वर्षं भूमापन खात्यात जमिनी मोजल्या, पण जागचं न हलता बावीस मीटर नोंदवणारं खातं पहिल्यांदाच पाहिलं.

नर्स सांगत होती, तू दुकान सोडून माझ्याकडे राहायला यायचं म्हणतेस. तसलं काही करू नकोस.

धाकटा

१५ जून

धाकट्या,

तुझं अक्षर सरळ आहे हे बघून बरं वाटलं. मजकूर तुझ्यासारखाच आहे.

दुकानाचं सांगते, म्हणजे तुला नर्सकडून कळायला नको. मालकाला महिनाअखेर हो की नाही ते हवंय. राहायचं तर तीन वर्षांचा करार. नाहीतर बाजूचा झेरॉक्सवाला जागा घ्यायला टपलेला आहे. मी हिशेब साधा केलाय. तुला चालता आलं तर तू अडतीस पायऱ्या चढून तुझ्या दुसऱ्या मजल्यावर जाशील आणि पूर्वीसारखा एकटा राहशील. नाही आलं तर तुझ्याजवळ कुणीतरी लागेल. आपल्याला तिसरं माणूस नाही, तेव्हा ते कुणीतरी मीच. मग दुकान राहणार नाही. काजबटणवाल्या बाईंना मी तसं सांगून ठेवलंय. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पण काजं नीट केली.

तेव्हा मला खरं काय ते कळव. मला धीर देऊ नकोस, आकडे दे. ते तरी तुला येतं.

मांड्यांना खोगीर काचतं असं नर्स म्हणाली. पट्टीची रुंदी आणि मांडीचा घेर पाठव. दोन गाद्या शिवून देते.

ताई

२० जून

ताई,

पट्टीची रुंदी ६२ मिलिमीटर. उजवी मांडी ४९ सेंटिमीटर, डावी ४७. डावी रोडावली आहे, तिला कुणी काम देत नाही.

आता आकडे. सोमवार ४० मीटर. मंगळवार ५५. बुधवारी रक्तदाब चढला म्हणून सुट्टी. गुरुवार ९०. काल ११८. फिजिओबाईंनी डावा घोटा दर पावलाऐवजी दर तिसऱ्या पावलाला धरला. खोगीर आता नावापुरतं आहे, पडू नये म्हणून घालतात. बोलणंही सुधारलं आहे, ब्रदरला मी काल रागावलो आणि त्याला ते कळलं.

या हिशेबाने मी ऑगस्टमध्ये घरी जाईन. मालकाला हो सांग. तू दुकान एकदा सोडलं आहेस. पुन्हा सोडायचं कारण नाही.

धाकटा

२९ जून

धाकट्या,

मालकाला हो सांगितलं. काल सही केली.

एकशे अठरा मीटर म्हणजे इथून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत जाऊन परत. मी काजबटणवाल्या बाईंना दारात उभं करून दाखवलं. त्या रडल्या. नंतर म्हणाल्या, डोळ्यात धागा गेला. मी गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले आहे. एका बाईंना ब्लाउज घट्ट झाला होता, त्याही ऐकून तक्रार न करता गेल्या.

सोबत दोन गाद्या आहेत. आत दुहेरी फेल्ट, वरून धुतलेलं सुती कापड, पट्टीभोवती गुंडाळायला वेल्क्रो. डावीवर निळा दोरा आहे, उजवीवर पांढरा. अदलाबदल करू नकोस, माप वेगळं आहे.

शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आहे, म्हणून आवरते.

ताई

१८ जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे माणूस दिवसभर बिझी असतो, सकाळी व्यायाम, दुपारी व्यायाम, मध्ये वाटीतून मणी काढून दुसऱ्या वाटीत टाकायचे. काल डाव्या हाताने चार मणी टाकले. पाचवा खाटेखाली गेला आणि तो शोधण्यात अख्खा वॉर्ड लागला.

चालणं: गेल्या सोमवारी २१०. परवा २६५. काल ३१०. ऑगस्टच्या सव्वीस तारखेला सोडणार आहेत.

आता एक तक्रार. तुझ्या निळ्या दोऱ्याच्या गादीची शिवण खालून उसवली आहे. अवघे सोळा दिवस वापरली. पन्नाशीला पुन्हा दुकान उघडून गावभर नाव केलेल्या शिंपिणीकडून ही अपेक्षा नव्हती. दोन्ही गाद्या परत पाठवतोय. नीट दुरुस्त करून दे.

धाकटा

२३ जुलै

धाकट्या,

गाद्या मिळाल्या.

तू जमिनीचे नकाशे वाचतोस. मी कापड वाचते. कुठल्या माणसाचा कुठला खांदा खाली आहे, कोण कुठल्या कुल्ल्यावर बसतो, हे मला त्याने आणलेल्या जुन्या पँटवरून कळतं. म्हणून तुझ्या गाद्या मी उलट्या करून खिडकीशी धरल्या.

उजवी मी पाठवली तशीच आहे. तिच्यावर माझ्या खडूची रेघसुद्धा पुसलेली नाही. डावीतली दुहेरी फेल्ट चेपून पोस्टकार्डाएवढी पातळ झाली आहे. शिवण उसवली ती टाका कच्चा होता म्हणून नाही. सुईची भोकं लांबट झाली आहेत, सगळी एकाच दिशेला, खाली. असं कापड मी एकदाच पाहिलंय, एका हमालाच्या खांद्यावरच्या पट्ट्याचं. नावापुरत्या घातलेल्या खोगिराची गादी अशी होत नाही. डाव्या पायावर भार यायची वेळ आली की तू त्या पट्टीवर लटकतोस. दर पावलाला. तीनशे दहा मीटर.

मग मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढली. एकातही तू खोटा आकडा लिहिलेला नाहीस. फक्त पहिल्यानंतर ‘मशीन’ हा शब्द कुठे आला नाही. मी बावळटासारखी दारात उभी राहून लोकांना दवाखान्याचा कोपरा दाखवत होते.

आईच्या वेळी तू असंच लिहायचास. ‘मोजणी लांबली आहे, पुढच्या महिन्यात निघतो.’ सात वर्षं. मी दुकान बंद करून तिची अंथरुणं बदलत होते आणि तुझं पत्र आलं की तिला वाचून दाखवत होते. तेव्हाही एकही वाक्य मला खोटं ठरवता आलं नाही.

एकच विचारते. जमिनीवर किती?

ताई

३० जुलै

ताई,

जमिनीवर चार पावलं. दोन माणसांनी धरून.

हे कसं झालं ते सांगतो. मशीनवर पट्टा आपणहून मागे जातो, पाय त्याच्या मागोमाग ओढला जातो आणि वरून खोगीर सांभाळतं. जमिनीवर उभं केलं की मी वाट बघत राहतो, जमीन कधी निघते म्हणून. ती निघत नाही. फिजिओबाईंनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, मशीन फक्त पायाला चाल आठवून देतं, जमिनीचा सराव वेगळा करावा लागतो. त्या रोज म्हणायच्या, आता पंधरा मिनिटं जमिनीवर. मी रोज म्हणायचो, त्यापेक्षा मशीनवर पाच मिनिटं वाढवा. मशीनवर आकडा वाढत होता आणि मला तुला लिहायला आकडा हवा होता. जमिनीवर चार पावलं पडायची, दुसऱ्या दिवशी चारच, तिसऱ्या दिवशी तीन. ते काय लिहायचं?

महिनाअखेरपर्यंत तू सही करावीस एवढंच मला पाहिजे होतं. त्यानंतर आकडे का लिहीत राहिलो, ते माझं मलाही सांगता येत नाही.

आईचं तू काढलंस ते बरं केलंस. मोजणी लांबली नव्हती. बहुतेक वेळा महिन्याच्या दहा तारखेला संपलेली असायची. मी सरकारी विश्रामगृहात राहायचो. एकदा आलो होतो, आठवतं ना, तेव्हा आईने मला मीटर बघायला आलेला माणूस समजून दिव्याचं बिल भरल्याचं सांगितलं. त्यानंतर मला ते पुन्हा बघवलं नसतं. तू रोज बघत होतीस हे मला माहीत होतं. मी भित्रा होतो, ताई. मोजणीच्या नावाखाली लपलो. आज आरशासमोर टांगलेला असतो तेव्हा सात वर्षांचा विचार करायला मला भरपूर वेळ मिळतो.

म्हणून तू दुकान सोडायचं नाही. मी कुठल्या तरी वृद्धाश्रमात राहीन. इथल्या बाईंनी दोन पत्ते दिले आहेत. एकात बाग आहे म्हणतात.

आजपासून मशीन निम्मं आणि जमीन निम्मी असं मी फिजिओबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘हे मी सात आठवडे सांगतेय, काका.’ मी म्हटलं, आमच्याकडे फाइल जरा हळू फिरते.

धाकटा

५ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईबद्दल जे लिहिलंस त्याला आत्ता उत्तर देणार नाही. मला राग आहे आणि तो खूप वर्षांचा आहे. परवा एका तासात अकरा खिसे लावले, सगळे उलटे लागले. पण तू लिहिलंस हे मला पाहिजे होतं. तेवढं कळवते.

आता दुसरं, जे मी तुला सांगणार नव्हते. करारावर सही केली तेव्हा मला आनंद झाला होता. तू चालतोस म्हणून झालाच, पण त्याआधी झाला तो मला सोडावं लागणार नाही म्हणून. त्या आनंदापायी मी नर्सला एक फोन करून विचारलं नाही की हे मीटर कुठले. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. तेव्हा एकट्यानेच अपराधी होऊन बसू नकोस.

बागेतल्या वृद्धाश्रमात तू जाणार नाहीस. दोन दिवसांत तिथल्या झाडांची मोजणी करून लोकांना वैताग आणशील.

माझं दुकान ज्या रांगेत आहे त्याच रांगेत, त्याच बाजूला, घड्याळवाल्याच्या मागची खोली रिकामी आहे. तळमजला, संडास-बाथरूम आत, भिंतीला धरायला दांडे बसवून मिळतील. ती मी घेतली. मी दुकान सोडणार नाही आणि तुझ्या खोलीवर डबाही आणून देणार नाही. दोन्ही वेळेला जेवायला तू दुकानात यायचं, चालत. पाठीमागे माझं स्वयंपाकघर आहे ते तुला माहीत आहे. रस्ता ओलांडायचा नाही, सगळा फुटपाथ आहे.

तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत मी काल मोजलं. माझ्याकडे माझाच टेप, दीड मीटरचा. बेचाळीस टेप आणि वर वीस सेंटिमीटर. दर टेपला वाकत होते, काजबटणवाल्या बाई खडूने खूण करत होत्या. चार जणांनी विचारलं काय हरवलं. एकाने शोधायलाही सुरुवात केली.

सव्वीस तारखेपर्यंत तेवढं जमव. आणि या वेळी जमिनीवरचं लिही.

ताई

२० ऑगस्ट

ताई,

शिंप्याचा कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो. तुझा सोळा वर्षांचा आहे. एका टेपला एक सेंटिमीटर धरला तरी खरं अंतर त्रेसष्ट मीटर बासष्ट सेंटिमीटर भरतं. पण एकूण मोजणी चांगली आहे. खडूची खूण केलीस हे विशेष, आमच्या खात्यात ते विसरणारे होते.

जमिनीवरचे आकडे, हातात चार पायांची काठी, कुणीही न धरता. वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात, फरशी तीस सेंटिमीटरची, मी स्वतः मोजली. तीन तारखेला दोन मीटर. आठला सहा. बाराला एकोणीस. पंधराला पुन्हा अकरा, कारण समोरून ट्रॉली आली आणि मी तिला वाट द्यायला गेलो. सतराला एकेचाळीस.

सकाळी मशीन, लगेच नंतर व्हरांडा. पट्ट्याचा ठेका डोक्यात असेपर्यंत डावा पाय तो धरून चालतो. फिजिओबाई शेजारून चालतात, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात, म्हणजे त्या धरत नाहीत हे मला दिसावं. एकेचाळीस मीटरला डावा गुडघा वाकतो आणि तिथे संपतं. चार दिवस झाले, तिथेच संपतं. बेचाळिसाव्यासाठी मी गुडघ्याला विनंतीही करून पाहिली.

बावीस मीटर आणि वर थोडे सेंटिमीटर कमी पडतात. सहा दिवसांत ते होणार नाहीत. फिजिओबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं, पुढे होतील, पण सहा दिवसांत नाही. तू म्हणाली होतीस तेवढं जमव. नाही जमलं.

ताई, मी आजवर कुणाला काही मागितलेलं नाही आणि तुझ्याकडून तर न मागताच घेत आलो. मला त्या खोलीत यायचं आहे. वृद्धाश्रमाची मला भीती वाटते. एकटं पडायची भीती वाटते, विश्रामगृहातही वाटायची. तू नाही म्हणालीस तर मी समजून घेईन, पण तू हो म्हणावंस अशी माझी इच्छा आहे. हे लिहायला अर्धा तास लागला आणि त्यात हाताचा दोष नाही.

धाकटा

२३ ऑगस्ट

धाकट्या,

सुताराकडून स्टीलचा टेप मागून आणला आणि पुन्हा मोजलं. त्रेसष्ट मीटर चाळीस. तुझा अंदाज जास्त होता, माझा टेप तू म्हणतोस इतका ताणलेला नाही.

तुझ्या दारापासून एकेचाळीस मीटरवर न्हाव्याच्या दुकानाची पायरी येते. म्हणून चाळिसावर, त्याच्या खांबाला लागून, खुर्ची ठेवली आहे. हातांची, जड लाकडाची, उठताना मागे सरकणार नाही अशी. न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, किती दिवस? मी म्हटलं, लागतील तितके. त्याची अट एवढीच की तू त्याच्या गिऱ्हाइकांना जमिनीच्या भानगडींवर सल्ला द्यायचा नाही. मी तुझ्या वतीने कबूल केलं नाही.

तू विचारशील की खुर्ची मधोमध का नाही. मधोमध सायकलवाल्याच्या सायकली लागतात. जाताना चाळीस आणि तेवीस, येताना तेवीस आणि चाळीस. कुठेही एकेचाळीसच्या वर जात नाही. मी दोनदा बेरीज केली.

सोळा वर्षं माझं मशीन भिंतीकडे तोंड करून होतं, उजेड तिकडून येतो म्हणून. काल ते दाराकडे फिरवून घेतलं. उजेड कमी पडतो, पण खुर्ची दिसते.

सव्वीसला गाडी घेऊन येते. दुकान त्या दिवशी बंद, फक्त तो एक दिवस.

ताई